पडवीतला बॉबर: जुन्या बुलेटवर घरी करायचं काम, पहिल्या पान्यापासून ट्यूनिंगपर्यंत

मोटरसायकलवरून जे काढलं तरी ती धावेल, ते काढून टाकलं की बॉबर होतो. मागचं मडगार्ड आखूड होतं, लांब सीटच्या जागी स्प्रिंगची एकट्याची सीट येते, हँडल सरळ आणि खाली जातं. घोड्याची शेपटी कापून आखूड करण्याला इंग्रजीत ‘बॉब’ करणं म्हणतात, तसंच मडगार्डचं केलं म्हणून हे नाव पडलं. अमेरिकेत 1930 च्या दशकापासून लोक अशा गाड्या करत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या शिल्लक हार्ले डब्ल्यूएलए बाजारात आल्या आणि ही पद्धत गावोगाव पोहोचली. चॉपर याच घराण्यातला, पण त्याच्यासाठी चेसिसची मान कापून फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय) पुढे काढतात. बॉबरला चेसिस आहे तशीच राहते.

नवशिक्यांचं नेमकं इथेच चुकतं. गाडी घरात आली की पहिल्या आठवड्यात ग्राइंडर हातात येतो. माझं सांगणं एवढंच आहे की बॉबर पान्याने करायचा, ग्राइंडरने नाही. जे काढाल ते बोल्टवर काढा, जे लावाल ते बोल्टवर लावा, आणि काढलेली प्रत्येक वस्तू पुसून, तेल लावून माळ्यावर ठेवा. एका शनिवारी दुपारी गाडी परत मूळ रूपात उभी करता आली पाहिजे. या एका अटीवर कायद्याचा, सुरक्षिततेचा आणि पैशाचा निम्मा प्रश्न सुटतो.

आधी कागद

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पाना उचलण्याआधी वाचा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका आणखी स्पष्ट केली. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम 182 अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाजाच्या आणि प्रदूषणाच्या नियमांचं उल्लंघन झालं तर दंड 10,000 रुपयांपर्यंत जातो. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील.

केंद्रीय मोटार वाहन नियम 123 तर बॉबरच्या थेट वाटेत येतो. मागे माणूस बसणार असेल त्या गाडीला कायमची हातपकड, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारा गार्ड हवा. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो तो. तुमच्या आरसीवर आसनक्षमता 2 आहे आणि तुम्ही एकट्याची सीट लावलीत, तर कागद आणि गाडी वेगवेगळं बोलू लागतात. म्हणून काय काय करणार याची यादी घेऊन आधी आरटीओत जा, मोटार वाहन निरीक्षकाला दाखवा, ज्याची नोंद होऊ शकते ती करून घ्या. रंग बदलणार असाल तर त्याचीही आरसीवर नोंद लागते. नोंद होत नसेल तो बदल सार्वजनिक रस्त्यावर न्यायचा नाही. त्यासाठीच माळ्यावरचा मूळ संच.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट एचएसआरपीची, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेटची. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ही नंबरप्लेट बसवावी लागते आणि तिचे स्नॅप लॉक एकदा बसले की न तोडता निघत नाहीत. त्यामुळे प्लेट हलवायची असेल तर प्लेटला हात न लावता तिच्यामागची पट्टी हलेल अशी रचना आधीच ठरवा. प्लेटच्या मागे लांबट भोकांची लोखंडी पट्टी जोडली की ती मागे कुठेही सरळ आणि मधोमध बांधता येते.

गाडी कुठली

मी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट स्टँडर्ड 350 सुचवतो. माझी 1996 ची आहे. इंजिन 346 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 90 मिमी, म्हणजे लांब स्ट्रोकचं, कमी वेगात ओढणारं. बॉबरच्या सावकाश चालीला अगदी शोभणारं. कार्ब्युरेटर साधा, इग्निशन पॉइंटचं (ठिणगीसाठी उघडझाप करणारे दोन संपर्क), उघडून डोळ्यांनी पाहावं आणि समजून घ्यावं असं सगळं. सुटे भाग कोल्हापुरात, पुण्याच्या नाना पेठेत, आणि काहीच नाही मिळालं तर दिल्लीच्या करोल बागेतून मागवता येतात. बुधवार-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलात तर एखादं जुनं मडगार्ड, स्पीडोमीटरची काच, पितळी दिवा हाती लागतो.

पाडापाडी करायची म्हणून भंगार गाडी घेऊ नका. चालू, कागद पूर्ण असलेली, चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळणारी गाडी घ्या. चेसिस नंबरावर रंगाचे थर असतील तर रॉकेलचं फडकं घेऊन विकणाऱ्यासमोर पुसून वाचा. 15 वर्षं झालेल्या गाडीची फेरनोंदणी झाली आहे का तेही पाहा. इंजिनाचा आवाज नंतर सुधारतो, कागद नाही.

ज्यांना एवढं हात काळे करायचे नाहीत त्यांच्यासाठी कंपन्यांनीच बॉबर काढले आहेत. जावा पेराक आहे, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात आलेली रॉयल एनफील्डची गोअन क्लासिक 350 तर आपल्या शेजारच्या किनाऱ्याचंच नाव घेऊन आली. पण हा लेख पडवीवाल्यांसाठी आहे.

हत्यारं

या बुलेटचे बरेच नट-बोल्ट ब्रिटिश मापाचे आहेत. त्यावर 12-13 चा मेट्रिक पाना कसाबसा बसतो, जोर लावला की सटकतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. व्हिटवर्थ या ब्रिटिश मापाचा पान्यांचा एक संच घ्याच. कोल्हापुरात उद्यमनगरात मिळाला, तुमच्याकडे जुन्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. बाकी फीलर गेज, व्हर्नियर, 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, हवेचा गेज, मजबूत लाकडी ठोकळे आणि एक वही. वेल्डिंग मशीन घरी नको. तुकडा घरी पुठ्ठ्यावर कापून बघायचा, मापं घ्यायची आणि वेल्डिंग बाहेरून करून आणायचं.

गाडी उतरवताना

दोन दिवस फक्त फोटो आणि खुणांना द्या. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून नाव लिहा. प्रत्येक भागाचे बोल्ट त्याच्याच पिशवीत. मागच्या मडगार्डचे बोल्ट हँडलच्या बोल्टांत मिसळले की ते ओळखण्यात रविवार जातो.

बुलेटची चेसिस खालून उघडी असते. पुढची नळी आणि मागचा भाग यांच्यामधला खालचा दुवा म्हणजे खुद्द इंजिन. म्हणून इंजिन सैल करणार असाल तर आधी चेसिसला खालून नीट आधार द्या. पहिल्या बॉबरसाठी इंजिन उतरवायची गरजच नाही, हेही सांगून ठेवतो. सीट, मागचं मडगार्ड आणि त्याचा बोल्टवरचा सांगाडा, हँडल, सायलेन्सर, बस्स.

आणि मागच्या त्या दोन नळ्या, ज्यांवर शॉकअबचं वरचं टोक बसतं, त्या कापायच्या नाहीत. त्यांच्या जागी सरळ लोखंडी दांडे टाकून शॉकअबच काढून टाकण्याची फॅशन दिसते. स्विंगआर्मची (मागचं चाक धरून सांध्यावर वर-खाली होणाऱ्या भागाची) चेसिस त्या धक्क्यांसाठी बनलेलीच नाही; खड्ड्याचा सगळा मार जोडांवर जातो आणि तडा दिसायच्या आधी वाढलेला असतो.

मागचं चाक आणि मडगार्ड

बॉबरचं सगळं रूप इथे ठरतं, आणि सगळ्यात मोठी चूकही इथेच होते.

चाकाला अगदी लगटून बसलेलं मडगार्ड दिसतं छान. पण बुलेटचं चाक तीन इंचांच्या आसपास वर-खाली होतं. मडगार्ड चेसिसला बांधलंत आणि उभ्या गाडीवर दोन बोटांची फट ठेवलीत, तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात टायर त्यावर आदळणार. माझ्या पहिल्या गाडीवर हेच झालं. गगनबावड्याच्या वाटेवर रस्ता खचला होता, गाडी उडाली आणि खाली येताना टायरने मडगार्ड पकडलं. दांडे वाकले, मागच्या दिव्याची वायर तुटली आणि टायरवर खोल चर पडली. वेग तीसच्या खाली होता म्हणून पडलो नाही.

तेव्हापासून मी मडगार्ड स्विंगआर्मला बांधतो. मिस्त्री या स्विंगआर्मला चिमटा म्हणतात. चाक चिमट्याबरोबर वर-खाली होतं, मडगार्डही त्याच्याबरोबर, त्यामुळे फट कायम तेवढीच राहते. पुढची कड चिमट्याच्या मधल्या आडव्या पट्टीला, आणि मागच्या दोन दांड्यांची टोकं दोन्ही बाजूंनी एक्सलवर.

आता एक्सलवर टोकं आली म्हणजे चेन ताणताना चाक मागे सरकलं की दांडेही मागे सरकणार, पण मडगार्डची पुढची कड जागेवरच राहणार. तिथे गोल भोक पाडलंत तर पहिल्यांदा चेन ताणताना पत्रा वाकेल. म्हणून पुढच्या कडेला वीस-पंचवीस मिलिमीटर लांबीचं लांबट भोक कानसून घ्या, खाली रबर आणि मोठा वॉशर घाला. दांड्यांसाठी पोकळ नळी वापरत असाल तर टोकं चपटी करताना तापवून हळू चपटी करा. गार ठोकलेली नळी चिरते.

फट किती ठेवायची? माझी सवय वीस ते पंचवीस मिलिमीटर. त्याहून कमी असेल तर चिखल अडकतो, आणि आपल्याकडच्या लाल मातीचा चिखल वाळला की सँडपेपरसारखा टायर घासतो. तपासायला घरातली घट्ट कणीक घ्या. टायरवर चार ठिकाणी लिंबाएवढे गोळे ठेवा, मडगार्ड बसवा, चाक एक फेरा फिरवा, मडगार्ड काढा आणि चपटे झालेले गोळे व्हर्नियरने मोजा. एका बाजूला कणीक जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघाली तर मडगार्ड तिरकं आहे किंवा रिम. आधी रिम बघा.

मूळ मडगार्ड कापायचं नाही. बाजारातलं साधं पत्र्याचं दुसरं घ्या आणि ते आखूड करा. कापण्याआधी पुठ्ठ्याची पट्टी लावून दोन दिवस लांबून बघत राहा. आखूड केलेलं लांब होत नाही.

टायर मूळ 3.25-19 असतात. मागे 3.50-19 सहज बसतो आणि गाडी भरलेली दिसते. त्याहून जाड टायरसाठी चेन, चिमटा, मडगार्ड सगळं अंगाशी येतं. पहिल्या गाडीवर तो मोह टाळा.

सीट

स्प्रिंगच्या सीटचं नाक पुढे बिजागरीवर फिरतं आणि मागे दोन स्प्रिंगा. बिजागरी टाकीच्या मागच्या बोल्टवर येणाऱ्या पट्टीला, आणि स्प्रिंगा चेसिसच्या नळीला मिठी मारणाऱ्या क्लॅम्पवर. क्लॅम्पखाली रबराचा तुकडा घाला, नाहीतर रंग जाऊन तिथे गंज धरतो.

इथेही कणीक. सीटखाली बॅटरीचं टोक, मडगार्डची पुढची कड आणि वायरींचा गठ्ठा या तीन ठिकाणी गोळे ठेवा आणि घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला सीटवर बसवून दोनदा दणका द्यायला सांगा. बॅटरीच्या टोकावरचा गोळा पुरता सपाट झाला असेल तर धोका आहे; सीटच्या लोखंडी तळाला पॉझिटिव्ह टोक टेकलं की थेट शॉर्ट. टोकाला रबराची टोपी घालाच, पण जागाही करा.

पुढची बाजू

बुलेटच्या हेडलाइटमागचं ते ओतीव कॅस्केट, ज्यात स्पीडोमीटर, अँपिअर मीटर आणि ते दोन छोटे दिवे बसलेले असतात, ते नुसतं झाकण नाही. फोर्कचा वरचा जोडच तो आहे. ते काढायचं तर वरचा योक (फोर्कचे पाय धरणारी पट्टी) वेगळा बसवावा लागतो आणि फोर्कची सगळी मापं पुन्हा जमवावी लागतात. मला तर कॅस्केट राहू दिलेला बुलेटचा बॉबरच जास्त देखणा वाटतो. लांबून पाहणाऱ्यालाही कळतं ही कुणाची लेक आहे.

सरळ हँडल 7/8 इंचाचं घ्या. बसवल्यावर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा: मूठ टाकीला लागते का, क्लच आणि ब्रेकची केबल ताणली जाते का. मग इंजिन स्लोवर ठेवून हँडल वळवा. वळवताना रेस वाढली तर ॲक्सिलरेटरची केबल आखूड पडते आहे. तसं सोडून गाडी रस्त्यावर नेऊ नका. वळणावर गाडी आपोआप वेग घेते.

पुढचं मडगार्ड पुरतं काढू नका, असं मी आग्रहाने म्हणेन. एकतर त्याचा मधला पत्रा फोर्कचे दोन पाय एकमेकांना बांधून ठेवतो. दुसरं म्हणजे जुलैत पन्हाळ्याच्या चढावर पुढच्या चाकाचं पाणी सरळ तोंडावर येतं. आखूड मडगार्ड लावा.

वायरिंग

वेल्डिंग गाडीवर कधीच करून घेऊ नका. घाईच्या दिवशी एका वेल्डिंगवाल्याकडे मी बॅटरी न सोडवता पट्टी मारून घेतली आणि रेग्युलेटर गेला. पट्टी सुटी करून न्यायची. तसं जमतच नसेल तर बॅटरीची दोन्ही टोकं सोडवून.

हॉर्न, ब्रेक लाइट, इंडिकेटर, आरसे, सगळं राहणार. फक्त वायरींची वाट बदलते. मडगार्ड आता चाकाबरोबर हलतं, म्हणजे मागच्या दिव्याच्या वायरीही हलणार. चिमट्याच्या फिरणाऱ्या सांध्याजवळ हाताच्या तळव्याएवढा सैल फास सोडा आणि तो चेनपासून लांब बांधा. हेडलाइटला रिले लावलात तर स्विच तापत नाही आणि उजेडही वाढतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ मुख्य फ्यूज हवाच. रंगाबद्दल मी फारसं बोलत नाही, ज्याची त्याची आवड. फक्त चेसिस नंबरावर जाड पावडर कोटिंग चढवू नका.

सायलेन्सर आणि हवा

आखूड सायलेन्सर लावा, पण आत जाळी आणि बॅफल (आवाज अडवणारा पडदा) असलेला. 175 सीसीच्या वरच्या मोटरसायकलसाठी नियमातली आवाजाची मर्यादा 80 डेसिबल आहे. बॅफल काढल्याने ताकद वाढते हा समज चुकीचा आहे. आवाज वाढतो, आणि शेजारच्या घरातलं तान्हं बाळ उठतं.

बुलेटची एक्झॉस्टची नळी हेडमध्ये नुसती सरकवून बसवलेली असते. सायलेन्सर बदलताना ती हलते, सांध्यातून हवा आत शिरते आणि रेस सोडली की फटफट उडते. लोक त्याला कार्ब्युरेटरचा दोष समजून जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) बदलत बसतात. आधी सांधा बघा. थंड इंजिन चालू करून सांध्याभोवती साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात.

मूळ पेटीतला एअर फिल्टर ठेवलात तर ट्यूनिंगचं काम निम्म्यावर येतं. कोनासारखा उघडा फिल्टर लावणार असाल तर हवा वाढेल, आणि पुढचं सगळं वाचावं लागेल.

ट्यूनिंग: क्रम मोडू नका

आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंट, मग टाइमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. पहिल्या तिघांत दोष असताना कार्ब्युरेटर फिरवणं म्हणजे घड्याळ चुकलं म्हणून कॅलेंडर बदलणं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, बदललेली वहीत लिहा.

टॅपेट. इंजिन पूर्ण थंड, रात्रभर उभं राहिलेलं. प्लग काढा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने फिरवत पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा. सिलिंडरच्या उजव्या बाजूचं छोटं झाकण उघडलं की दोन पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) दिसतात. दोन्ही चिमटीत धरून गोल फिरल्या पाहिजेत, पण वर-खाली अजिबात हलता कामा नयेत. फिरत नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. हलत असेल तर टकटक वाजते. लॉकनट आवळताना माप बदलतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा.

पॉइंट. गॅप 0.35 ते 0.40 मिमी. आधी पृष्ठभाग बघा. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झाली असेल तर घासत बसू नका, पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला. गॅप बदलला की टाइमिंग बदलतं, म्हणून हे आधी.

टाइमिंग. 350 ला ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या 0.8 मिमी आधी पॉइंट उघडायला हवेत. पॉइंट नेमके कधी उघडतात हे सांगणारं उपकरण तुमच्या समोरच आहे: अँपिअर मीटर. बुलेटवाले किक मारण्याआधी अँपिअरचा काटा मध्यावर आणून डिकंप्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबतात ना, ते याच तत्त्वावर. इग्निशन चालू, दिवे बंद. पॉइंट मिटलेले असताना कॉइल करंट घेते आणि काटा डावीकडे झुकतो. उघडले की काटा मध्यावर येतो. चाक आधी थोडं उलटं नेऊन मग पुढे आणा, म्हणजे दात्यांमधला सैलपणा निघून जातो. काटा मध्यावर आला तिथे थांबा आणि प्लगच्या भोकातून पिस्टन किती खाली आहे ते मोजा. भोक तिरकं असल्याने टोकदार सळई आतल्या आत सरकते. तिच्यावर खूण करून तीन वेळा मोजा आणि तिन्ही मापं जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. फरक असेल तर डिस्ट्रिब्युटरची पकड सैल करून किंचित फिरवायचं. किंचित म्हणजे नखाच्या जाडीएवढं. काम संपलं की इग्निशन बंद. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते.

आता कार्ब्युरेटर. बुलेटच्या मिकार्ब व्हीएम 24 मध्ये रेसच्या मुठीच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळा भाग काम करतो. मुठीवर पांढरा टेप लावून शून्य, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. शून्यापासून पावाच्या अलीकडेपर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. पावाच्या आसपास स्लाइडचा (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेचा) कापलेला कोन. पाव ते पाऊण नीडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली सुई. पाऊण ते पूर्ण मेन जेट. गाडी अर्ध्या रेसवर खोकत असेल तर हवेचा स्क्रू कितीही फिरवा, फरक पडणार नाही, कारण तो तिथे बोलतच नाही. दुखतंय कुठे हे खुणेवरून कळलं की औषध कुठे लावायचं तेही कळतं.

स्लो सेट करायला आधी दहा मिनिटं गाडी चालवून आणा. हवेचा स्क्रू हळूच पूर्ण आत टेकवा, जोर नको, आणि दीड फेरा बाहेर काढा. स्लो थोडा वाढवून ठेवा. आता स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत ऐका. हा हवेचा स्क्रू आहे, म्हणजे आत घेतला की मिश्रणात पेट्रोल वाढतं, बाहेर काढला की हवा वाढते. जिथे ठोके सर्वांत भरीव आणि एकसारखे पडतात तिथे थांबा, मग स्लो खाली आणा. अडीच-तीन फेरे बाहेर काढूनही सुधारतच असेल तर पायलट जेट मोठा आहे. जवळजवळ आत गेला तरच बरं वाटत असेल तर लहान.

नीडलला खाचा असतात. क्लिप एका खाचेने खाली केली की नीडल वर येते आणि मधल्या टप्प्यात पेट्रोल वाढतं. रेस एका जागी धरल्यावर गाडी मागे-पुढे हिसके देते, कार्ब्युरेटरमधून खोकते, तेव्हा पेट्रोल कमी पडतं आहे. ठोके जड होतात, मध्येच एखादा गाळला जातो, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी, तेव्हा जास्त.

मेन जेटसाठी मोकळा, सरळ रस्ता. तिसऱ्या गिअरमध्ये काही सेकंद पूर्ण रेस, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद, बाजूला थांबून प्लग काढायचा. भाजलेल्या बिस्किटाचा रंग चांगला. पांढुरका आणि चकचकीत असेल तर जेट एक पायरी मोठा, काळा आणि मऊ काजळीचा असेल तर एक पायरी लहान. उघडा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावलेल्या गाडीला बहुतेक वेळा मोठा लागतोच.

आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याचाही विचार करा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पूर्वीपेक्षा हवेच्या बाजूला झुकतं. शिवाय जुने रबरी पाइप आणि वॉशर मऊ पडतात आणि टाकीत ओल धरते. इथेनॉल सहन करणारा पाइप घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.

एक उपकरण तुमच्या कोपऱ्यावरच आहे, ते म्हणजे पीयूसी (प्रदूषण तपासणी) केंद्र. 31 मार्च 2000 पर्यंत बनलेल्या दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 4.5 टक्के, त्यानंतरच्या जुन्या चार-स्ट्रोकसाठी 3.5. पावती हातात घेऊन निघून न जाता तो आकडा वाचा. मोजमाप स्लोवर होतं, म्हणजे तो आकडा हवेच्या स्क्रूबद्दल सांगतो, मेन जेटबद्दल नाही. आकडा मर्यादेच्या जवळ असेल तर स्क्रू पाव फेरा बाहेर काढून पुन्हा मोजायची विनंती करा. माझ्याकडचा केंद्रवाला दोनदा मोजून देतो, आणि कानाने जिथे थांबलो होतो तिथून किती चुकलो ते वहीत लिहिलं जातं.

पहिले पाचशे किलोमीटर

पहिल्या दिवशी पहाटे, रहदारी नसताना, दहा किलोमीटर. मागचं वजन कमी झालेलं असतं, त्यामुळे मागचा ब्रेक पूर्वीच्याच जोराने दाबला तर चाक लॉक होतं. रिकाम्या जागी चार-पाचदा दाबून पायाला नवी सवय लावा. चेनचा सैलपणा एक इंचाच्या आसपास ठेवा, तोही तुम्ही सीटवर बसलेले असताना मोजून.

घरी आल्यावर मडगार्डचे दांडे, एक्सल, सीटचे क्लॅम्प, हँडलचे बोल्ट, सायलेन्सर, सगळ्यांवर पाना फिरवा. बुलेटची थरथर दहा किलोमीटरमध्ये काय सैल करू शकते ते तेव्हा कळेल. प्रत्येक नटावर आणि त्याच्या बाजूच्या पत्र्यावर सलग एक पिवळी रेघ ओढा. पुढच्या वेळी पाना लावायच्या आधी नुसती नजर टाकली तरी तुटलेली रेघ सांगते कोण फिरलं. दोनशेला पुन्हा, पाचशेला पुन्हा, तेव्हा टॅपेटही थंड इंजिनावर तपासा.

पाचशेला माझ्या गाडीच्या सगळ्या रेघा जुळल्या, फक्त डाव्या दांड्याच्या एक्सलवरची तुटलेली होती. तिथे नायलॉनचा लॉकनट घातला.